वस्तू राहिली तुमची

आमच्या घरमालकांनी आमचा कचरा आम्हाला एकूण चार वेळा परत आणून दिला. पाचव्या वेळी आणून दिला नाही, आणि तेच मला जास्त जड गेलं.

गावाचं नाव सांगत नाही. खानदेशातलं तालुक्याचं गाव आहे, धुळ्याला जवळ आणि जळगावलाही फार लांब नाही, आणि तिथले लोक मला अजून ओळखतात, एवढं पुरे. मोजणीच्या हापिसात माझी तिथं बदली झाली तेव्हा पन्नाशी दारात आली होती. मुलगी जळगावला वसतिगृहात. आम्ही नवरा-बायकोनं एका कॉलनीत वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली मालक एकटेच राहत. जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खाकी शर्ट इस्त्री करून घालायचे, आणि वरच्या खिशात पेन असायचं. सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची, म्हणून आम्हीही नाना म्हणू लागलो.

पहिल्याच महिन्यात एका सकाळी बेल वाजली. एकदाच. दारात नाना, आणि त्यांच्या दोन बोटांत काळी कॅरिबॅग. मला वाटलं, शेतातलं वांगंबिंगं आणलं असेल. मी हात पुढे केला.

"वस्तू राहिली होती तुमची," नाना म्हणाले.

पिशवीत आमचाच कचरा होता. आदल्या दिवशी घंटागाडी चुकली म्हणून हापिसात जाता जाता मी ती कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर ठेवली होती. टाकली नव्हती. टाकायचे ते बाकीचे लोक. मी नीट गाठ मारून, एका कडेला ठेवली होती. शिकलेल्या माणसाच्या कचरा करण्यातही एक पद्धत असते.

आता स्वतःचा कचरा इतक्या लवकर कोण ओळखतो? मी म्हटलं, आमची कशावरून? नानांनी पिशवीची गाठ सोडली आणि तिकिटाचा हिशोब द्यावा तसं सांगायला सुरुवात केली. ही गोळ्यांची पट्टी शुगरची. कॉलनीत शुगरवाले चार. हा कागद स्टँडसमोरच्या दुकानातल्या जिलेबीचा, पाव किलोचा. त्या चौघांपैकी तीन जण पथ्य पाळतात.

माझी बायको तेवढ्यात मागे येऊन उभी राहिली होती.

"पाव किलो?" ती म्हणाली. एवढंच. पण पुढचे दोन महिने माझ्या पानात गोड म्हणून फक्त तिचं बोलणं यायचं, तेही क्वचित.

नाना रागावले नाहीत, उपदेश केला नाही. पिशवी उंबऱ्यात ठेवली, जाताना बेलचं बटण दोनदा दाबलं आणि जिना उतरून गेले. त्याचा अर्थ मला नंतर कळला. एक बेल म्हणजे गाडी थांबवा. दोन बेल म्हणजे चला, जाऊ द्या. नोकरी संपली तरी दोरी त्यांच्या हातातून सुटली नव्हती. एकदा कॉलनीची बैठक लांबली तेव्हा नानांनी टेबलावर दोनदा टकटक केलं, आणि खरोखरच सगळे उठून निघाले. अध्यक्षसुद्धा.

पुढे आणखी तीनदा आमची पिशवी अशीच परत आली. हे वस्तू परत करण्याचं खूळ कुठून आलं, ते नानांनीच एकदा सांगितलं. गाडीत कुणाची छत्री राहायची, कुणाचा डबा, कुणाची मिरच्यांची गोणी. कंडक्टरनं ती ज्याची त्याला पोचवायची. साक्रीच्या गाडीला असताना एक प्रवासी शेंगा खात बसला होता आणि टरफलं सीटखाली सोडत होता. नाना तिकिटं फाडत राहिले. त्याचा थांबा आला तेव्हा सगळी टरफलं कागदात गुंडाळून, पुडी बांधून त्याच्या हातात दिली. सामान राहिलं तुमचं, म्हणाले. प्रवासी तावातावानं भांडला. नानांनी बेल मारली नाही. गाडी जागची हलेना, आतले लोक त्या माणसावर ओरडायला लागले, तेव्हा पुडी घेऊन तो उतरला. "त्यानं पुडी पुढे कुठं टाकली ते मला माहीत नाही," नाना म्हणायचे, "पण माझ्या गाडीत वस्तू राहिली नाही."

कॉलनी ही आता त्यांची गाडी होती आणि आम्ही सगळे प्रवासी. उतरायची सोय नसलेले.

अशा माणसाच्या घरात राहणं म्हणजे काय, ते भाडेकरूलाच कळतं. पाणी सकाळी सात ते सव्वासात. जिन्यात चपला जोडीनं, टाचा भिंतीकडे. अवजारं जिन्याखाली, हात लावायचा तर विचारून. आणि भिंतीला खिळा नाही. हा सगळ्यांत मोठा नियम. नानांनी हे घर आयुष्यभराच्या कमाईतून बांधलं होतं. मागचं अंगण शहाबादी फरशीचं, तिच्या सांध्यांत गवताचं पातं उगवायची टाप नव्हती. भिंतीला खिळा ठोकला तर म्हणे घराला लागतं. त्यामुळे आमचं कॅलेंडर तीन वर्षं खिडकीच्या गजाला सुतळीनं लटकत होतं आणि वारा आला की महिना बदलायचा. बायको म्हणायची, मोजणीच्या हापिसातला माणूस, सगळ्या तालुक्याला हद्दी आखून देतो, आणि स्वतःच्या घरात एक खिळा मारून घेता येत नाही. मी म्हणायचो, घर आपलं नाही. ती म्हणायची, ते माहीत आहे, म्हणून तर नवऱ्याला बोलतेय.

हा असा माणूस, म्हणजे कचरा करणाऱ्यांना कडक शिक्षा हवी म्हणणाऱ्यांत सगळ्यांत पुढे असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. तिथंच मी फसलो.

कोपऱ्यावरचा तो प्लॉट वारसांच्या भांडणात अडकलेला होता. कुणाचाच नाही म्हणून सगळ्यांचा. त्याला लागूनच चाचांची केळ्यांची हातगाडी उभी असे. रावेरकडची केळी. चाचा साठीतले, चौकटीची लुंगी, बोलणं हिंदी-मराठीच्या मधलं. प्लॉटवरचा ढीग वाढत गेला तशा कॉलनीत बैठका वाढत गेल्या. मला लिहिता येतं असा एक गैरसमज पसरलेला होता, त्यामुळे सचिव मीच. मग मी पालिकेला अर्ज लिहिला. काय अर्ज होता तो. अजून काही वाक्यं पाठ आहेत. 'सध्याचा दंड हा दंड नसून सवलत आहे,' हे माझंच वाक्य. दंड वाढवावा, दुसऱ्यांदा सापडल्यास दुप्पट करावा आणि तिसऱ्यांदा सापडल्यास हातगाडी अथवा वाहन जप्त करावं. ते 'अथवा' घालताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

सगळ्यांनी सह्या केल्या. नानांनी अर्ज चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला.

"यात घर जप्त करायचं कलम कुठं आहे?"

मी म्हटलं, नाना, कचऱ्यासाठी घर कसं जप्त करणार?

"मग गाडी कशी? ज्याची गाडी आहे त्याची गाडी जाणार. ज्याचं घर आहे त्याचं काय जाणार?"

मी त्यांना शांतपणे समजावलं की कायद्याचा धाक असला पाहिजे. परदेशात कसं असतं तेही सांगितलं, म्हणजे ऐकलेलं. नाना म्हणाले, दंड म्हणजे तिकीट आहे भाऊसाहेब. तिकीट काढलं की माणूस ऐटीत बसतो. वाढवा तुम्ही तिकीट. ज्याला परवडेल तो बसेल, ज्याला नाही परवडणार त्याला उतरवाल. पण सीटखालचं कोण उचलणार, ते सांगा.

सही नाही म्हणजे नाही. कॉलनी वैतागली. चार दिवस अध्यक्ष त्यांच्याशी बोलले नाहीत आणि नानांच्या ते लक्षातही आलं नाही. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, म्हातारा विरोधासाठी विरोध करतो. ती म्हणाली, सही नाही केली, पण तुझ्या अर्जातलं 'अथवा' बरोबर ओळखलं त्यांनी. आपल्या कॉलनीतल्या मोटारी काय प्लॉटवर उभं राहून कचरा टाकतात? तिथं उभी असते ती एक चाचांची गाडी.

मी तेव्हा वर्तमानपत्र उघडलं. उत्तर नसलं की मी तेच करतो.

आणि पालिकेनं चक्क ऐकलं. ठराव झाला, दंड वाढला, तीन पायऱ्या झाल्या, गाडी जप्तीसकट. प्लॉटवर निळी पाटी लागली. मी पाटीखाली उभा राहून फोटो काढून घेतला. पालिकेचं पथक येऊ लागलं. लोकांनी टाकलेल्यावर कुणाचं नाव थोडंच लिहिलेलं असणार? पण केळीचा दांडा हातगाडीखाली स्पष्ट दिसायचा. चाचांना पहिली पावती त्या दांड्याची मिळाली. ती खरी होती, आणि चाचांनी मुकाट भरली. त्या दिवसापासून गाडीला पोतं बांधलं, सालं पोत्यात. दुसरी पावती पपईच्या सालींची. चाचा पपई विकत नव्हते. पण गाडी त्यांची तिथं होती आणि पपई खाणारा नव्हता.

तेव्हा नाना एकदा माझ्याकडे नुसतं बघून गेले. मी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

आता कानबाईचं सांगायला हवं. आमच्याकडे, म्हणजे साऱ्या खानदेशात, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठी मोजून गहू घेतात, त्याचे रोट करतात. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. आणि आमच्या घरातली रीत अशी की त्या जेवणातला कण वाया जाता कामा नये, पायदळी तर येताच कामा नये. पानात उरलेलं, हात धुतलेलं पाणी, सगळं एकत्र करायचं आणि खड्डा खणून जमिनीत पुरायचं. बाकी वर्षभर आम्ही खिडकीतून साली भिरकावू, पण कानबाईचा कण इकडचा तिकडे होणार नाही. तिला पावतीपुस्तक लागत नाही.

त्या वर्षी साक्रीकडच्या आमच्या गावात थोरल्या भावाच्या घराचं बांधकाम निघालं होतं, म्हणून कानबाई आमच्याकडे बसली. वरच्या मजल्यावर पंधरा माणसं, आणि पाणी सात ते सव्वासात. कानबाईमागचा पडदा बांधायला खिळा नव्हता, म्हणून भावानं कपाटापासून गजापर्यंत दोरी ताणली. चाचांनी केळीचं एक लांबरुंद पान आणून दिलं. मी पैसे काढले तर हात मागे घेतला. कानबाई के लिए है, भाभी को दे दो, म्हणाले. नाना संध्याकाळी दर्शनाला आले, नारळ ठेवला, दोरीकडे पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि गेले.

सोमवारी विसर्जन झालं, दुपारपर्यंत माणसं पांगली. निघताना थोरल्या वहिनींनी खरकट्याचं पातेलं माझ्यापुढे ठेवलं. गावी हे शेतात पुरलं जायचं. इथं कुठं?

"बघतो मी," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातले बरेच अपघात या दोन शब्दांनी सुरू झालेले आहेत.

कॉलनीत सगळीकडे काँक्रीट. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, पण मूठभर खरकटं पुरायला हातभर माती माझ्या नावावर नव्हती. नानांचं अंगण होतं, पण जिथं खिळा चालत नाही तिथं खड्डा कोण मागणार? मग राहिला प्लॉट. दुपारी तीनला, कॉलनी झोपलेली असताना, मी जिन्याखालचं नानांचं खुरपं घेतलं. न विचारता. पातेलं घेऊन जाताना कुणी पाहिलं तर बरं दिसणार नाही, म्हणून सगळं एका पिशवीत भरलं. जळगावच्या साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी, वर केळीचं पान दुमडून. माती वरवर मऊ होती, खाली नुसता मुरूम. वीतभर खणलं आणि दम लागला. मग ज्या माणसाला दम लागतो तो जे करतो ते मी केलं. पिशवीसकट पुरलं, वर माती लोटली, निळ्या पाटीला पाठ करून हात जोडले आणि घरी येऊन झोपलो.

मंगळवारी सकाळी गॅलरीत दात घासताना कोपऱ्यावर गर्दी दिसली. कुत्र्यांनी पिशवी उकरून ओढत चाचांच्या गाडीपर्यंत आणली होती. पुरणाचा लगदा, गंगाफळाची सालं, आणि चाकाला चिकटलेलं केळीचं पान. पथकाचे साहेब पावतीपुस्तक उघडून उभे होते. केळीची गाडी, केळीचं पान. तिसरी वेळ. रस्त्याच्या कडेला पालिकेचा ट्रॅक्टर उभा होता, आणि चाचा गाडीवरचे घड एकेक करून खाली पोत्यावर उतरवत होते. भांडत नव्हते. फक्त घड हळू ठेवत होते, काळे पडू नयेत म्हणून.

आणि त्या सगळ्याच्या मध्ये नाना. श्रावणाची बारीक भुरभुर चालू होती. नानांनी छत्री उघडलेली होती, पण ती स्वतःवर नाही, त्या फाटक्या पिशवीवर धरलेली होती. दुसऱ्या हातातल्या काठीनं कुत्री हाकलत होते. खाकी शर्ट भिजून पाठीला चिकटला होता.

मी तोंड धुतलं आणि न्हाणीघरात गेलो. आत बराच वेळ पाणी ओतत राहिलो, ज्या घरात पाणी सव्वासातला बंद होतं तिथं. मी हिशोब करत होतो की नाना नेहमीसारखे वस्तू घेऊन येतील. बेल वाजेल, एकदा. पिशवी उंबऱ्यात येईल, मी खाली मान घालेन, आणि जे काही व्हायचं ते दाराच्या आत होईल. पण बेल वाजेना.

बायकोनं दार वाजवलं. "नाना अर्धा तास तिथं उभे आहेत. रस्ता झाडणाऱ्या अक्कासुद्धा मागे सरकल्यात. तुझं आटोपलं का?"

तिनं पिशवी ओळखली होती. साडी तिचीच होती.

मी खाली गेलो तेव्हा साहेब वैतागलेले होते. ते नाशिककडून बदलून आलेले, त्यांना हा काय प्रकार आहे ते कळेना. त्यांनी अक्कांना फर्मावलं, आधी हे झाडून काढा. अक्कांनी झाडू उलटा करून भिंतीला टेकवला.

"साहेब, हाई कानबाईना रोट शे. मी झाडू लावाव नही. तुम्हनामा दम व्हई ते तुम्ही लावा."

साहेबांनी ट्रॅक्टरवाल्याकडे पाहिलं. तो गावातलाच. त्यानं आकाशाकडे पाहिलं. अध्यक्ष एक पाऊल मागे झाले. मग साहेब नानांना म्हणाले, आजोबा, तुम्ही तर म्हणे लोकांचा कचरा उचलून घरपोच देता, हा का नाही देत?

"मी दुसऱ्या कुळाचा. मला हात लावता येत नाही," नाना म्हणाले. "ज्यानं शे, त्यानीच उचलानं."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. एवढ्या माणसांत त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते फार लागलं. त्यांनी बोट दाखवलं असतं तर मी निदान नाकारू शकलो असतो.

चाचांनी शेवटचा घड उतरवला आणि गाडीच्या दांडीवरचं ओलं फडकं काढून खांद्यावर टाकलं.

"ते आमचं आहे," मी म्हटलं.

साहेबांना ऐकू आलं नाही. मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, जरा मोठ्यानं, गॅलऱ्यांतही ऐकू जाईल असं. "वस्तू आमची आहे. राहिली होती."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चाचा माझ्याकडे वळले आणि अगदी सहज म्हणाले, "केले का पत्ता बघितला तवाच समजलं होतं साब. मेरा ही दिया हुआ पत्ता है. लेकिन कानबाई का मामला, मैं कैसे बोलता?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. गाडी जात होती आणि त्यांना माहीत होतं.

साहेबांनी चाचांची पावती खोडली आणि माझं नाव विचारलं. नाव ऐकून थांबले. "ठरावाला जोडलेला अर्ज तुमचाच ना?" मी हो म्हटलं. पहिलीच वेळ, म्हणून पहिली पायरी. मी ती भरली आणि लक्षात आलं, नाना म्हणाले होते तसंच झालं. तिकीट काढलं, माझं काहीही जप्त झालं नाही. पिशवी तिथंच होती.

बायको स्टीलचं पातेलं घेऊन आली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून एकेक कण वेचायला लागलो. नाना आमच्यावर छत्री धरून होते आणि काठीचं टोक दाखवत होते. तिकडे, चाकाखाली. इकडे एक राहिलं. मोजणी करताना मी शेतकऱ्यांना असंच दाखवतो. वेचून झालं तेव्हा पातेलं घेऊन मी उभा राहिलो, आणि पुन्हा तोच प्रश्न. कुठं?

नाना चालू लागले. आम्ही मागे. त्यांनी जिन्याखालून पहार काढली, मागच्या अंगणात गेले, कोपऱ्यातल्या एका शहाबादीच्या सांध्यात टोक घातलं आणि अंगाचा भार टाकला. ज्या घराच्या भिंतीला खिळा चालत नव्हता, त्या घराची फरशी कडकन उचकटली. एक कोपरा तुटला. नानांनी तुकडा उचलून पाहिला, बाजूला ठेवला. खाली काळी, ओलसर माती होती. चांगली माती. मी बरीच माती पाहिलेली आहे.

"खणा," ते म्हणाले. "हातभर. वीतभर नाही."

मी खणलं. या वेळी पिशवी नव्हती, पातेलं तिरकं केलं आणि वरून पाणी सोडलं. नाना तोपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे होते, कारण रोट दुसऱ्याचे. माती ओढून झाल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, नाना, तुम्हाला कळलं कसं? पिशवीवरून?

"खुरप्यावरून. मी पातं आत करून ठेवतो. तुम्ही बाहेर करून ठेवलं होतं." मग जरा थांबून म्हणाले, "पण भाऊसाहेब, कानबाईले प्लास्टिकमा कोन पुरस? तिनं श्वास कुठून घ्यायचा?"

जवळपास वर्तमानपत्र नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी गाडीजप्तीचं कलम काढून टाकायचा अर्ज लिहिला. या वेळी 'अथवा' नव्हतं. नानांनी सही केली, पण आधी दोन ठिकाणी शब्द सुधारायला लावले. अर्ज अजून पालिकेत आहे. चाचांची गाडीही तिथंच राहिली, पोत्यासकट, आणि पथक आलं की चाचा आधी नानांना हाक मारू लागले. नाना यायचे, ढिगातली पिशवी उघडायचे आणि दोन बेल मारायच्या आत मालक शोधून द्यायचे. साहेबही ते पाहायला थांबायचे. पथकाचं त्यामुळे काम वाढलं, कॉलनीची झोप उडाली, आणि प्लॉट, कबूल करायला जिवावर येतं, बराच रिकामा झाला.

फरशी उचकटली त्याच आठवड्यात बायकोनं हवा पाहून विचारलं, नाना, आता तेवढा कॅलेंडरपुरता एक खिळा? नाना म्हणाले, खिळा नाही. त्यात काही बदल झाला नाही.

आता आम्ही जळगावला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. चौथा मजला, भिंतीला हवे तितके खिळे, माती कुंड्यांपुरती. भावांनी वर्षं वाटून घेतल्यापासून कानबाई तीन वर्षांतून एकदा आमच्याकडे बसते. त्या सोमवारी मी खरकट्याचा झाकणाचा डबा मांडीवर घेऊन नानांच्या गावाच्या एस.टी.त बसतो, डबा सीटखाली ठेवायची हिंमत होत नाही. नाना आता कमरेत वाकलेत, खाकी शर्ट ढगळ झालाय. कोपऱ्यातली ती तुटकी फरशी त्यांनी पुन्हा पक्की बसवली नाही, नुसती ठेवली आहे.

"नाना," मी म्हणतो, "खुरपं कुठं आहे?"

"विचारायचं होतं तेव्हा विचारलं नाही," ते म्हणतात, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. "घ्या तुमचं तुम्ही. आणि जाताना पातं आत करून ठेवा."